सत्तावीस खोट्या खुणा

मित्रांनो, बाळा नावाच्या शेतकऱ्याच्या घरात माजघराच्या खिडकीशेजारी एक मळकट पुठ्ठा टांगलेला आहे. त्याच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे आणि सुतळीसाठी पाडलेली दोन भोकं फाटून लांबडी झाली आहेत. तो पुठ्ठा म्हणजे मी. मला उलटं करून पाहाल तर पाठीवर केशरी रंगातला एक मोठा आंबा दिसेल आणि त्याखाली ‘देवगड हापूस’ हे शब्द दिसतील. शब्द जरा तिरके आहेत. त्या तिरकेपणानेच माझं नशीब ठरवलं, म्हणून सुरुवात तिथून करतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पाच डझनांचा खोका होतो. आमच्या गठ्ठ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, मुंबई. मीही कमी ऐट केली नाही. पण देवगडच्या बागेत मला उलगडलं आणि भरणारा माणूस म्हणाला, “ह्यो वाकडो छापलो हा. मुंबयक धाडू नको.” झालं, मला बाजूला फेकलं. त्या बागेत हंगामापुरता कामाला गेलेला बाळा मला घरी घेऊन आला. येताना माझ्या पोटात पेंढा होता आणि वर डागी आंबे. देवगडहून मालवण तालुक्यातल्या त्याच्या गावापर्यंत मी एसटीत त्याच्या मांडीवर बसून आलो. एवढाच माझा प्रवास.

आंबे चार दिवसांत संपले. मग मला माळ्यावर टाकलं आणि तिथे एक कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसली. हापूसच्या खोक्याच्या वाट्याला हे यावं! एकवीस दिवस मी तो अपमान गिळला. पिल्लं निघाली तेव्हा मात्र मला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी बाळाची मुलगी प्राजक्ता माळ्यावर चढली. तिने मला झटकलं, कोयतीने माझ्या कडा उसवल्या आणि जमिनीवर सपाट पसरलं. माझी आतली कोरी बाजू वर आली. पट्टी, पेन्सिल आणि तीन रंगांची पेनं घेऊन ती दिवसभर माझ्यावर वाकून बसली होती. सोळा आठवडे, रोजचं एक घर, म्हणजे एकशे बारा घरं. प्रत्येक घरात बारीक अक्षरात त्या दिवशी काय वाचायचं ते लिहिलं. राज्यघटना, इंग्रजी उतारे, तर्क, चालू घडामोडी, गुन्हे, करार. गणपतीचे पाच दिवस तिने हिरव्या शाईने मोकळे सोडले. दिवाळीचे दोन सोडले. अगदी मामेबहिणीच्या साखरपुड्याचाही अर्धा दिवस धरला. इतका काळजीपूर्वक हिशेब मी कुणाचा पाहिला नाही.

हे सगळं होतं कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी. ती परीक्षा डिसेंबरात असते. बारावीनंतर प्राजक्ताने ती एकदा दिली होती आणि सपशेल आपटली होती. शिकवणीचे वर्ग लांबच्या शहरात, ते तिला शक्य नव्हते. घरी बसून, आपलं आपण, एवढाच मार्ग होता. बाळा वाईट माणूस नाही. पण त्याने ओटीवर बसून स्पष्ट सांगितलं होतं, “एक वर्स दितंय तुका. डिसेंबरात झाला तर झाला, नायतर कणकवलेक धनेशाच्या कापडाच्या दुकानात जावचा. मगे माका बोल लावूचो नाय.”

कायदाच का, ते तिची आई मथुरा हिच्या उजव्या हाताकडे पाहिलं की कळतं. मथुरा पूर्वी काजूच्या एका कारखान्यात बिया फोडायला जायची. यंत्रात तिची दोन बोटं सापडली. मालकाच्या माणसाने दवाखान्यातच तिच्यापुढे कागद धरला. औषधाच्या खर्चाचा कागद आहे, म्हणाला. तिने अंगठा दिला. पुढे नुकसानभरपाई मागायला ती जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसच्या कचेरीत गेली, तेव्हा तिथल्या साहेबांनी तोच कागद दाखवला. “बाई, तुमची काही तक्रार नाही असं तुम्हीच लिहून दिलंय. अंगठा तुमचाच ना?” तेरा वर्षांची प्राजक्ता शेजारी उभी होती. तिने तो कागद तिथे पहिल्यांदा वाचला. वाचता येत होतं तिला, पण वाचायला ती सहा महिने उशिरा पोहोचली होती. हे ती मला खिळ्याला टांगताना स्वतःशीच पुटपुटली होती, म्हणून मला माहीत.

पहिले आठ आठवडे, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. प्राजक्ता पहाटे उठायची, वाचायची, आणि संध्याकाळी लाल पेनाने त्या दिवसाच्या घरात खूण करायची. दिवेलागण झाली की मथुरा माझ्यापुढे येऊन उभी राहायची. तिला अक्षर येत नाही, पण लाल खूण कळते. उरलेल्या बोटांनी ती ओळ धरून खुणा मोजायची आणि जाताना माझ्यावरची धूळ पदराने पुसायची. देव्हाऱ्यातल्या देवांनाही रोज पुसत नव्हती, मला पुसायची. पुढच्या एका घरावर तिने बोट ठेवून लेकीला विचारून ठेवलं होतं, “करारांचा ता ह्याच मा?” त्या घरात काय लिहिलंय हे तिने जागेवरून लक्षात ठेवलं. सातवी ओळ खालून, डावीकडून दुसरं.

मग भातकापणी आली. त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. पिकलेलं भात आडवं व्हायला लागलं आणि ऐन घाईत बाळाची कंबर धरली. तो उताणा पडून राहिला. मथुरेच्या हातात कोयती नीट बसत नाही. राहिली कोण? प्राजक्ता दिवसभर चिखलात वाकून कापायची, भारे वाहायची. घरी आली की पुस्तक उघडायची आणि त्याच पानावर डोकं टेकून झोपायची.

पहिल्या दिवशी तिने घर रिकामं ठेवलं. मथुरा आली, बोटाने ओळ धरली आणि रिकाम्या घरापाशी थांबली.  तिचा चेहरा असा उतरला की मला खिळ्यावरून खाली पडावंसं वाटलं. तो चेहरा प्राजक्ताने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला.

दुसऱ्या दिवशीचं घर करारांचं होतं. प्राजक्ता भारे टाकून आली, पुस्तकाला हातही न लावता पेन घेतलं आणि खूण केली. उद्या वाचीन, असं ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, ते मला सांगता येणार नाही. उद्याच्या घरात उद्याचं होतंच. मग तिथेही खूण केली. कापणी संपली, झोडणी आली. झोडणी संपली तोवर मागे इतकं साचलं होतं की पुस्तक उघडायलाच ती घाबरायची. कुठलं आधी वाचायचं तेच सुचेना. एक पान वाचायची, घड्याळ बघायची, दुसरंच पुस्तक ओढायची, तेही मिटायची. मग ओंजळीत तोंड लपवून बसून राहायची. संध्याकाळी आईची पावलं वाजली की घाईघाईने उठून खूण करायची.

मी काय करणार? पुठ्ठ्याला तोंड नसतं. मथुरा रोज यायची, माझ्यावरच्या खुणा मोजायची, हसायची, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलत उभा असायचो. सत्तावीस खुणा खोट्या होत्या. एकेक खूण मला वाळवीसारखी आतून खात होती.

अशात गावपळणीचा कौल झाला. आमच्या गावाची ही रीत तुम्हाला ठाऊक नसेल, तर सांगतो. दर चार वर्षांनी गाव तीन दिवस रिकामा करायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं आणि माळावर झावळांच्या राहुट्या बांधून राहायचं. घरात कुणी थांबायचं नाही, परत डोकवायचं नाही. दिवस कोणता, ते देवाला कौल लावून ठरतं. कौल आला तो परीक्षेच्या सतरा दिवस आधीचा. प्राजक्ताने गणपती धरले होते, दिवाळी धरली होती, साखरपुडा धरला होता. गावपळणीचं वर्ष आहे हेच ती विसरली होती. गावात राहून असं कुणी विसरतं का? पण गेलं वर्षभर तिला त्या परीक्षेशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

सगळ्यांची बांधाबांध चालली होती. प्राजक्ताने पुस्तकांची पिशवी भरली आणि मला मुद्दाम भिंतीवर ठेवलं. मला सुटल्यासारखं वाटलं. तीन दिवस रिकाम्या घरात कुणाला फसवावं लागणार नाही, असं मनात आलं. तेवढ्यात मथुरा परत आली आणि मला खिळ्यावरून काढून टोपलीवर आडवं ठेवलं.

“आये, ता कशाक?” प्राजक्ता ओरडलीच.

“रवांदे. तीन दिसांच्यो खुणो खंय करतलंस?”

माळावर मथुरेने मला राहुटीच्या दर्शनी बांबूला टांगलं. दुपारी भाकऱ्या भाजताना वाडीतल्या बायका जमल्या. त्यात विनीता काकी होती. ती मथुरेबरोबर त्याच कारखान्यात कामाला होती आणि अशाच एका कागदावर तिचाही अंगठा होता.

“बघा गो,” मथुरा माझ्याकडे हात करून म्हणाली, “कापणीत एक दिस सोडलो, तेवढोच. बाकी माझ्या चेडवान काय चुकवूक नाय.”

बायकांनी कौतुक केलं. कुणी माझ्या अंगावरून हात फिरवला. मी शरमेने ओलाच झालो. मग मथुरेने खालून सातव्या ओळीतल्या, डावीकडून दुसऱ्या घरावर बोट ठेवलं.

“ह्या करारांचा. झाला मा? खूण आसा. आता माका सांग प्राजू, फसवून घेतलेली सही चलता काय?”

सगळ्या बायका थांबल्या. विनीता काकीची भाकरी तव्यावर तशीच राहिली. मथुरा सहा वर्षं हा प्रश्न सांभाळून बसली होती आणि ती खूण होण्याची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं. प्राजक्ताने एकदा त्या खुणेकडे पाहिलं. नाही माहीत, असं म्हणता आलं असतं. पण माझ्यावर लाल खूण होती ना.

“चलता,” ती म्हणाली. “सही ती सही.”

“मी सांगूक नाय?” विनीता काकी म्हणाली आणि करपलेली भाकरी उलटली. मथुरेने बोट माझ्यावरून काढून घेतलं. बायका आपापल्या चुलींकडे वळल्या.

प्राजक्ता पिशवी घेऊन राहुटीमागे गेली. करारांचा धडा तिने आता पहिल्यांदा उघडला. ती वाचत होती आणि तिच्या ओठांची हालचाल मला झावळांच्या फटीतून दिसत होती. वाचता वाचता ती हुंदके देऊ लागली. मग उठून सरळ आईपुढे येऊन उभी राहिली.

“आये, ती खूण खोटी आसा.”

“खंयची?”

“करारांची. मी ता वाचूकच नाय. तेच्या नंतरच्यो पण. सत्तावीस खुणो खोट्यो आसत.”

मथुरेने त्या घरावर पुन्हा बोट ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“माका वाचूक येणा नाय, म्हणान?” ती हळू आवाजात म्हणाली. “तेंनी पण तेच्यासाठीच घेतलो माझो अंगठो.”

मित्रांनो, मला कोयतीने कापलं होतं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. प्राजक्ता खाली बसली आणि तिने आईचा तो मोडका हात दोन्ही हातांत धरला. मथुरेने हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

संध्याकाळी प्राजक्ताने सगळ्या बायकांना पुन्हा बोलावलं आणि पुस्तकातून वाचून, समजावून सांगितलं. फसवून घेतलेली सही ज्याला फसवलं त्याने मोडून मागितली तर मोडता येते. पण त्याला मुदत असते.

“आमची मुदत रवली काय?” विनीता काकीने विचारलं.

“नाय काकी.”

विनीता काकीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि ती उठली.

गाव परत भरला आणि मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आलो. लाल पेन मथुरेने स्वतःकडे घेतलं. “आता वाचलंस ता माका सांगूचा. माका कळला, तर खूण मी करतलंय,” एवढंच म्हणाली. मला पदराने पुसणं मात्र तिने सोडून दिलं. चौदा दिवस उरले होते. रोज दिवेलागणीला प्राजक्ता आईसमोर बसून सांगायची. जामीन म्हणजे काय, राज्यपाल कोण नेमतं, एखाद्याच्या बांधावरून आपण वीस वर्षं गेलो तर काय. मथुरा मध्येच विचारायची, “आणि तेणां नाय म्हटल्यान तर?” उत्तर आलं नाही की खूण नाही. चौदातल्या नऊ घरांतच तिने खूण केली. वाकडी, थरथरती, पेन तीन बोटांत धरून. माझ्या अंगावर त्याहून सुंदर काही नाही.

पण नऊ खऱ्या खुणांनी सत्तावीस खोट्या भरून निघत नाहीत. प्राजक्ता कोल्हापूरला जाऊन परीक्षा देऊन आली आणि निकालाच्या दिवशी मोबाईलला रेंज मिळावी म्हणून गावामागच्या उंच सड्यावर गेली.  मागच्या वेळेपेक्षा गुण बरेच जास्त होते. प्रवेशाला पुरतील इतके नव्हते.

बाळा ओटीवर बसला होता. “माका वायट वाटता गो,” तो म्हणाला. “पण आता धनेशाक सांगतंय.”

प्राजक्ता आत आली. तिने मला ओढून काढलं, त्यातच माझी भोकं फाटली. परसात पाणी तापवायची चूल पेटलेली होती. तिने मला गुडघ्यावर दुमडलं. आगीची धग मला लागली. खरं सांगू, मीही म्हटलं, जळू दे. खोटं बोललेल्या पुठ्ठ्याने आणखी कशाला जगायचं?

मथुरेने मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

“साक्षीदाराक जाळतंस?” ती म्हणाली. “वकील होतलंस मा तू?”

“खंयची वकील, आये! संपला सगळा.”

“वैशाखात राज्याची कायद्याची परीक्षा आसा म्हणालं हुतंस. ती दी.” मग ती ओटीवर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढे उभी राहून बोलली, “दुकानात जायत ता. पण सांजचा माका घरात होया. वेळापत्रक मी राखतलंय.”

“दोन्ही कशा होतला?” बाळा म्हणाला.

“नाय झाला तर नाय. आदी करूंदेत.”

तेव्हापासून मी पुन्हा भिंतीवर आहे. माझ्या झाकणांच्या कोऱ्या भागावर प्राजक्ताने नवी घरं आखली आहेत. खोट्या ओळी कापून टाकू का, असं तिने विचारलं होतं. मथुरेने नको म्हटलं. त्यामुळे सत्तावीस खोट्या खुणा आणि मथुरेच्या हातच्या नऊ खऱ्या, सगळ्या माझ्या अंगावर आहेत. प्राजक्ता सकाळच्या गाडीने कणकवलीला जाते, दिवसभर कापडाची ठाणं उलगडते आणि घड्या घालते, आणि संध्याकाळच्या गाडीने सुजलेल्या पायांनी परत येते. नव्या घरांतली निम्मी रिकामी आहेत. परीक्षा आता अकरा आठवड्यांवर आली आहे. जमेल का, हे मला माहीत नाही. रात्री झोपेत ती कलमांचे आकडे बडबडते आणि चुकीचे बडबडते, तेव्हा मला भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्याही भिंतीवर माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल. त्याला जपायचं असेल तर पुसू नका, सजवूही नका. फक्त त्याच्याकडून खोटं बोलवून घेऊ नका. वाचून झालं नसेल तर घर रिकामं सोडा. रिकाम्या घराचा मला कधी त्रास झाला नाही.

आता आजचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. आज प्राजक्ता आली ती उंबऱ्यावरच बसली. दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक होतं, दिवसभर उभी होती. आजच्या घरात ‘पुरावा’ असं लिहिलं आहे. तिने पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटलं. मथुरा गोठ्यात धार काढत होती. लाल पेन कोनाड्यात होतं, हाताशी. प्राजक्ता उठली, पेन घेऊन माझ्यापुढे आली आणि टोक त्या घराला टेकवलं. शाईचा एक बारीक ठिपका माझ्यात उतरला. मी श्वास रोखून धरला. पुठ्ठ्याला श्वास नसतो, तरी धरला.

ती तशीच उभी होती. मग तिने पेन कोनाड्यात ठेवून दिलं.

“झाला काय गो?” गोठ्यातून मथुरेने विचारलं.

“नाय, आये,” प्राजक्ता म्हणाली. “आज होवक नाय.”

“बरा. हातपाय धू. जेवूक वाढतंय.”

दिवेलागणीला मथुरा माझ्यापुढे आली. तिने बोटाने ओळ धरली आणि रिकाम्या घरापाशी थांबली. मग कितीतरी दिवसांनी, पदराने माझ्यावरची धूळ पुसली.